सेवा सुरू झाली, राखायची कोणी?



आपल्या वस्तीत नवे काम सुरू होते तेव्हा उत्साहाला तोटा नसतो. वाचनालय उघडले की पाहुणे येतात, फीत कापली जाते, फोटो निघतात. वर्षभराने त्याच वाचनालयाच्या कपाटाला वाळवी लागते, तेव्हा औषध मारायला मात्र एकटाच कार्यकर्ता हजर असतो. उद्‌घाटनाला सगळी वस्ती आणि दुरुस्तीला एकटा जीव, अशी आपल्याकडची रीत आहे. आज आम्ही अशाच एका दुरुस्तीविषयी लिहिणार आहोत. ती डोळ्यांना दिसत नाही, तिचा फोटो निघत नाही आणि ती करणाऱ्याला कोणी हार घालत नाही. दुसऱ्यांसाठी बिनपगारी सर्व्हर चालवणाऱ्यांनी त्यावरचे सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अपडेट करत राहणे, हे ते काम.

काही वाचक म्हणतील, हा विषय इंजिनिअर लोकांचा, आमचा काय संबंध? आम्हीही इंजिनिअर नाही. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. परंतु ज्याच्या हातात मोबाईल आहे त्याचा या विषयाशी संबंध आहे. सर्व्हर म्हणजे चोवीस तास चालू असणारा एक संगणक. आपण मोबाईलवर लिहितो, फोटो टाकतो, निरोप पाठवतो, ते सगळे कुठल्या तरी सर्व्हरवर जाऊन साठते. बहुतेक सर्व्हर मोठ्या कंपन्यांचे असतात. परंतु जगात हजारो सर्व्हर असेही आहेत, की जे साधी माणसे नोकरीधंदा सांभाळून, पदरचे पैसे घालून इतरांसाठी चालवतात.

‘मॅस्टोडॉन’ हे त्याचे चांगले उदाहरण. २०१६ साली जर्मनीतील युजेन रोखको या तरुणाने हे सॉफ्टवेअर लोकांपुढे आणले. त्यात ट्विटरसारखेच लिहिता-वाचता येते, मात्र त्याला एक मालक नाही. कोणीही ते सॉफ्टवेअर फुकट घ्यावे, आपला सर्व्हर उभा करावा आणि आपल्या लोकांना खाती द्यावीत. असे सगळे छोटे-मोठे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असतात. एका गावच्या टपालपेटीतले पत्र दुसऱ्या गावी पोचते, तसा एका सर्व्हरवरचा मजकूर दुसऱ्या सर्व्हरवर पोचतो. प्रत्येक गावचा पोस्टमास्तर वेगळा, आणि बहुतेक ठिकाणी तो बिनपगारी!

आपल्या देशात हे नाव गाजले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते बंद केले. त्याच सुमारास ट्विटर खाती तपासताना जातीय भेदभाव करते, असा आरोप अनेक दलित-बहुजन लेखकांनी व कार्यकर्त्यांनी केला. तेव्हा हजारो भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले आणि जगभरातून दुसरी मोठी लाट आली. त्या नोव्हेंबरात मॅस्टोडॉन महिन्याला वापरणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली.

दुसऱ्याच्या ओसरीवर बसून बोलायचे, तर तो कधीही उठवू शकतो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. डॉ. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढले, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढले, ते आपले म्हणणे मांडायला आपली स्वतःची जागा असावी म्हणूनच. स्वतःचा सर्व्हर ही आजच्या काळातली तशीच एक जागा आहे. परंतु जागा स्वतःची झाली की तिची राखणही स्वतःलाच करावी लागते. छापखाना आपला असेल तर त्याला तेलपाणीही आपणच करायचे.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा पुण्याला एका खाजगी कंपनीत नोकरी करतो. २०२२ च्या लाटेत त्यानेही मित्रांसाठी एक छोटा सर्व्हर सुरू केला. त्यावर आज चाळीस-पंचेचाळीस खाती आहेत. कोणी पुस्तकांवर लिहितो, कोणी जुन्या भीमगीतांची माहिती गोळा करतो. काही मुली वसतिगृहात राहून शिकतात. तिथे जे भोगावे लागते ते त्या टोपणनावाने लिहितात. सर्व्हरच्या भाड्याचा आणि वर्गणीचा हिशेब आमच्याकडे आहे, कारण घरात बी.कॉम. मामा असताना हिशेब दुसऱ्या कोणाकडे जाणार?

त्या हिशेबाच्या निमित्तानेच आम्हाला या कामाची ओळख झाली. एकदा आम्ही भाच्याला विचारले, “अरे, सर्व्हर नीट चालतो आहे, कोणाची तक्रार नाही. मग दर थोड्या दिवसांनी अपडेट कशासाठी? त्यात नवीन काय मिळते?”

तो म्हणाला, “मामा, नवीन काही मिळावे म्हणून मी करत नाही. जुने कुलूप सगळ्यांना उघडता यायला लागते म्हणून करतो.”

त्याने पुढे जे समजावून सांगितले, ते आम्ही आमच्या शब्दांत मांडतो. आमच्या हिशेबात घसारा नावाची गोष्ट असते. यंत्र झिजते, लोखंड गंजते, म्हणून दरवर्षी त्याची किंमत कमी धरतात. सॉफ्टवेअर झिजत नाही, गंजत नाही. पाच वर्षांपूर्वीचे सॉफ्टवेअर आजही पहिल्या दिवसासारखेच चालते. म्हणूनच फसगत होते. ते जुने होते ते बाहेरच्या जगाला त्याचे दोष कळल्यामुळे. आणि गंमत अशी, की दोष दुरुस्त झाल्याची बातमी येते त्या दिवसापासून, दुरुस्ती न केलेल्याचा धोका आणखी वाढतो.

असे का? मॅस्टोडॉनसारखे सॉफ्टवेअर उघडे असते, म्हणजे त्याचा आतला मजकूर कोणालाही वाचता येतो. ही त्याची मोठी ताकद आहे, कारण चार जाणती माणसे तो वाचून चुका दाखवतात. परंतु दुरुस्तीही उघडच प्रसिद्ध होते. कालचा मजकूर आणि आजचा मजकूर शेजारी शेजारी ठेवला, की कुठली ओळ बदलली ते दिसते, आणि त्यावरून भोक नेमके कुठे होते ते चोरालाही समजते. ज्याने दुरुस्ती बसवली तो सुटला. ज्याने बसवली नाही त्याच्या घराचा नकाशा चौकात लागला.

हे नुसते भीती घालणे नव्हे. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका मोठ्या दोषाची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. त्याच दोषाचा फायदा घेणारा ‘वॉनाक्राय’ नावाचा हल्ला झाला १२ मे २०१७ रोजी. मध्ये ५९ दिवस होते. ज्यांनी त्या दिवसांत दुरुस्ती बसवली नव्हती त्यांच्या संगणकांना कुलपे लागली आणि खंडणी मागितली गेली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालये त्यात सापडली. ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. संगणक अपडेट झाला नाही, त्याचा त्रास आजारी माणसाने सोसला.

आता पुन्हा बिनपगारी सर्व्हरकडे येऊ. ‘क्युअर५३’ या सुरक्षा तपासणी करणाऱ्या संस्थेने मोझिलाच्या सांगण्यावरून मॅस्टोडॉनची तपासणी केली. त्यात एक भयंकर दोष सापडला. मुद्दाम विशिष्ट रीतीने बनवलेली एखादी फाईल फोटो-व्हिडिओ म्हणून पाठवली, तर पाठवणाऱ्याला त्या सर्व्हरवर वाटेल तिथे वाटेल ते लिहिता येत होते. म्हणजे अख्खा सर्व्हरच ताब्यात घेता येत होता. ६ जुलै २०२३ रोजी दुरुस्ती प्रसिद्ध झाली. एक गोष्ट आम्हाला फार आवडली. दुरुस्ती केवळ सर्वांत नव्या ४.१.३ या आवृत्तीपुरती ठेवली नाही. मागे राहिलेल्यांसाठी ४.०.५ आणि ३.५.९ अशाही आवृत्त्या काढल्या. ज्याला मोठी उडी मारणे जमत नाही त्याच्यासाठी छोटी पायरी ठेवली. सेवकाची अडचण ओळखून मदत करणे याला म्हणतात.

त्या आठवड्यात आमचा भाचा आमच्याकडेच आला होता. रात्री जेवणे झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन बसला. आधी सगळ्या मजकुराची प्रत काढून दुसरीकडे ठेवली. मग सर्व्हरवर सूचना लावली, ‘दुरुस्तीसाठी अर्धा तास बंद.’ नंतर एकेक पायरी वाचत वाचत काम सुरू केले. मधेच काहीतरी अडले. अर्ध्या तासाचा दीड तास झाला. तेवढ्यात एका गृहस्थांचा फोन आला, “काय हो, चालवता येत नसेल तर कशाला उघडले?” वर्गणीच्या वहीत त्या गृहस्थांच्या नावापुढे एक रुपयाही जमा नाही, हे आम्हाला ठाऊक होते. परंतु भाचा शांतपणे म्हणाला, “दादा, थोडा वेळ द्या, होईल.” रात्री साडेबाराला सर्व्हर पुन्हा सुरू झाला. आमच्या पत्नीने त्याला चहा करून दिला आणि विचारले, “एवढी घाई होती का रे? उद्या केले असते तर?”

तो म्हणाला, “मामी, त्या वसतिगृहातल्या मुली टोपणनावाने लिहितात. पण खाते उघडताना त्यांनी खरा ई-मेल दिलेला आहे, आणि तो माझ्या सर्व्हरवर आहे. कोणी सर्व्हर ताब्यात घेतला तर कुठल्या नावामागे कोणती मुलगी आहे ते बाहेर येईल. मग त्यांनी कॉलेजात तोंड कसे दाखवायचे?”

त्या क्षणी आम्हाला या कामाचे वजन कळले. त्या मुलींना भाच्याचा चेहराही ठाऊक नसेल. परंतु आपली खरी ओळख त्यांनी त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवली आहे. बँकेत ठेव ठेवली तर पावती मिळते. इथे पावती नाही, पगार नाही, फक्त विश्वास आहे. तो राखायचा तर कुलूप वेळेवर बदलले पाहिजे. सेवा फुकट आहे म्हणून जबाबदारी कमी होत नाही.

पुढची घटना १ फेब्रुवारी २०२४ ची. आणखी एक मोठा दोष दुरुस्त करून आवृत्ती ४.२.५ निघाली. ज्या सर्व्हरवर जुने सॉफ्टवेअर होते, तिथे दुसऱ्या सर्व्हरवरील कोणाच्याही खात्याचे सोंग घेता येत होते. तुमच्या ओळखीच्या कार्यकर्त्याच्या नावाने भलताच कोणी बोलू लागला, तर वस्तीत काय गोंधळ माजेल, विचार करा. त्या वेळी मॅस्टोडॉनच्या मंडळींनी दोषाचा सविस्तर तपशील लगेच दिला नाही. १५ फेब्रुवारीपर्यंत तो मागे ठेवला, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्यांना दोन आठवड्यांची सवड मिळावी. सवड मिळाली, तरी ती वापरायची की घालवायची हे शेवटी चालवणाऱ्याच्या हातात राहते.

त्याच महिन्यात आणखी एक प्रकार घडला. फालतू मजकुराचा मोठा पूर या सगळ्या जाळ्यात आला. पाठवणाऱ्यांनी त्यासाठी असे छोटे सर्व्हर वापरले, की ज्यांचे दार नवीन खात्यांसाठी सताड उघडे होते आणि आत लक्ष द्यायला कोणी नव्हते. चाळीत एक खोली बेवारस पडली की तिच्यातले उंदीर सगळ्या चाळीत फिरतात, तसेच झाले. त्यानंतर मॅस्टोडॉनमध्येच सोय केली गेली, की देखरेख करणारे आठवडाभर फिरकले नाहीत तर नवीन खाती मंजुरीशिवाय उघडणार नाहीत. परंतु ही सोयसुद्धा कोणाला मिळाली? ज्याने अपडेट केले त्याला! जो बेवारस पडला होता तो तसाच राहिला.

मग हे लोक अपडेट का करत नाहीत? आळशी असतात म्हणून? आम्हाला तसे वाटत नाही. दिवसभर नोकरी करून थकलेला माणूस रात्री हे काम करतो. चालू आहे ते बिघडेल ही भीती असते. बिघडले तर शिव्या मिळतात, नीट झाले तर कोणाला कळतही नाही. घरी लहान मूल असते, आईवडिलांचे आजारपण असते. कधी उत्साह संपतो, पण ‘मला आता जमत नाही’ हे सांगायची लाज वाटते. अशा माणसाला ‘तू बेजबाबदार आहेस’ म्हटले तर तो अपडेट करत नाही, सर्व्हर बंद करून मोकळा होतो.

काहीजण वेगळी शंका काढतात. ते म्हणतात, अपडेटमधूनच विष आले तर? शंका खोटी नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या एका छोट्या पण सगळीकडे लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत कोणीतरी चोरदार लपवले होते. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. त्याचा पिच्छा पुरवून त्यांनी ते चोरदार शोधून काढले. आता यातून घ्यायचे काय? ती विषारी आवृत्ती नवी कोरी होती. डेबियनसारख्यांच्या स्थिर आवृत्तीत ती पोचलीच नव्हती. म्हणजे स्थिर आवृत्ती वापरावी, मूळ ठिकाणाहूनच घ्यावी, सूचना वाचून घ्यावी. एखादे औषध भेसळीचे निघाले म्हणून कोणी औषध घेणे सोडत नाही, दुकान बघून घेतो.

आमच्या भाच्याच्या अनुभवातून आणि आमच्या कारकुनी सवयीतून जी पद्धत बसली, ती इथे देतो. ज्यांच्या घरातला मुलगा-मुलगी असे काम करते त्यांनी त्यांना जरूर वाचून दाखवावी.

आम्ही त्याला एक नोंदवही करून दिली आहे. तारीख, कोणती आवृत्ती होती, कोणती बसवली, प्रत काढली का, कोणी काम केले, असे पाच रकाने. महिन्याचा पहिला रविवार सर्वसाधारण दुरुस्तीचा. सुरक्षेची तातडीची सूचना आली तर मात्र रविवारची वाट पाहायची नाही. तशी सूचना कळावी म्हणून मॅस्टोडॉनच्या अधिकृत घोषणांवर लक्ष ठेवायचे. सप्टेंबर २०२३ च्या ४.२ आवृत्तीपासून तर तातडीच्या अपडेटची सूचना सर्व्हर चालवणाऱ्याला आतच दिसते. मॅस्टोडॉनच्या खाली जी मूळ प्रणाली असते तिच्याकडेही लक्ष हवे. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे नेहमीची मदत मिळते. २०.०४ या आवृत्तीची ती मुदत २०२५ साली संपली. मुदत कधी संपते ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. त्या प्रणालीचे सुरक्षा-अपडेट आपोआप बसण्याची सोय असते, ती चालू करावी.

अपडेटच्या आधी प्रत काढायची, आणि ती प्रत खरोखर उघडते का हे कधीमधी तपासायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, एकट्याच्या हातात किल्ली ठेवायची नाही. आमच्या वस्तीतली एक मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटर करते आहे. भाच्याने तिला हे काम शिकवले. गेल्या वर्षी तो महिनाभर कावीळने आजारी होता, तेव्हा दोन अपडेट तिनेच केले. वहीत तिची सही आहे.

आता आपण वापरणाऱ्यांनी काय करायचे? पहिले, सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद असेल तर रागाने फोन करू नये. दवाखान्यात जमीन पुसून घेतात तेव्हा आपण दारात थांबतो ना? दुसरे, महिन्याला चहाच्या दोन कपांचे पैसे वर्गणी म्हणून द्यावेत. बिनपगारी काम म्हणजे बिनखर्ची काम नव्हे. तिसरे, अधूनमधून आपुलकीने विचारावे, “सॉफ्टवेअर कुठवर आले? काही मदत हवी का?” विचारणारा कोणी आहे हे कळले की माणसाचे हात चालतात. चौथे, कोणी ‘आता मला झेपत नाही’ म्हणाला तर त्याला बोल लावू नये. ‘आजवर केलेस, आभारी आहोत, दुसऱ्याला शिकवून दे’ असे म्हणावे. सन्मानाने कामातून मोकळे होणे हीसुद्धा सेवेची एक पायरी आहे.

पैशाची गोष्ट किती खरी आहे, याला एक दाखला आहे. ‘ओपनएसएसएल’ हे सॉफ्टवेअर इंटरनेटवरचा पत्रव्यवहार गुप्त ठेवण्यासाठी जगभर वापरतात. एप्रिल २०१४ मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ नावाचा मोठा दोष उघडकीला आला. तो दोन वर्षे तसाच होता. तेव्हा जगाला कळले, की ज्याच्या भरवशावर बँका आणि बड्या कंपन्या चालतात ते सॉफ्टवेअर सांभाळणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांना वर्षाला मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर आहेत. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी पैसे उभे केले. आधी दिले असते तर कदाचित दोन वर्षे लागली नसती.

तेव्हा बंधु-भगिनींनो, येत्या रविवारी एक काम करा. तुमच्या घरात, चाळीत, मंडळात कोणी मुलगा किंवा मुलगी इतरांसाठी सर्व्हर, वेबसाईट किंवा असे काही फुकट चालवत असेल, तर त्याच्याजवळ दहा मिनिटे बसा. शेवटचे अपडेट कधी झाले ते विचारा. खूप दिवस झाले असतील तर रागवू नका. दोनशे पानी वही विकत आणा, पाच रकाने आखून द्या, आणि तो काम करत असेल तोवर त्याच्या शेजारी बसून राहा.

जयभीम!